नुसत्या पाण्याची नळी

तापायचं, निवायचं, पुन्हा तापायचं. पस्तीस वेळा हेच केलं की माझं एक काम संपतं. मी डीएनएच्या नकला वाढवणारं पीसीआर यंत्र. जळगावजवळ केळीची रोपं तयार करणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत, खिडकीशेजारच्या ओट्यावर मी नऊ वर्षं बसलो आहे. आज बोलतोय ते उपकार मानायला, कारण मागच्या वर्षी माझी इथून उचलबांगडी ठरली होती.

रोपं बाहेर जाण्याआधी मातृरोपांच्या पानांत रोग आहे का, हे माझ्याकडून तपासून घेतात. पानाचा अर्क नळीत घालतात, सोबत प्राइमर घालतात. प्राइमर म्हणजे डीएनएचा वीस-बावीस अक्षरांचा इवलासा धागा. विषाणूच्या खुणेवर तो नेमका चिकटतो आणि नक्कल कुठून सुरू करायची ते दाखवतो. एका रोगाला दोन प्राइमर लागतात. वेळ वाचावा म्हणून इथं तीन रोग एकाच नळीत तपासायचे, म्हणजे सहा प्राइमर एका घरात. शेवटी माझ्या नकला जेलच्या पातळ वडीतून पळवतात; रोग असेल तर त्याच्या ठरल्या जागी रेघ उमटते, आखूड तुकडे तळाशी जातात.

माझी काही तक्रार नव्हती. नळीत जे असेल ते मी वाढवत होतो.

मग एका सकाळी शिरपूरकडच्या झुंबरबाई आल्या. पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली केळीची पानं होती, पिवळ्या पट्ट्यांची. त्यांनी ती ओट्यावर पसरली. अशा पट्ट्या आणणाऱ्या विषाणूरोगाला इकडं हरण्या म्हणतात, आमच्या तिनांतलाच तो एक.

"ताई, रोपे निरोगी शेतस म्हणीसन तुम्हीच लिखी दिधं व्हतं ना? मंग हाऊ हरण्या कोठेन उना?"

समोर भूमिका होती, दोंडाईच्याची, इथं लागून सहाच महिने झालेली. दाखला तिच्याच सहीचा होता. तिचा चेहरा उतरला. "अक्का, बसा. मी पुन्हा तपासते," एवढंच ती म्हणाली.

तिनं त्याच पानांचा अर्क लावला. डोळ्यांना रोग दिसत होता, पण तपासणीत हरण्याच्या जागी रेघ उमटलीच नाही. तळाशी मात्र एक धूसर, ठेंगणी रेघ चमकत होती.

प्रयोगशाळेचे मालक हितेंद्र सर माझ्याकडे बघून म्हणाले, "मशीन म्हातारं झालंय. ताप नीट धरत नाही. काढून टाकू."

मला फार लागलं. माणसांना ऐकू जाईल असं बोलता येत नाही, नाहीतर सांगितलं असतं की माझा ताप अर्ध्या अंशानंही चुकत नाही.

"सर, दोन दिवस द्या," भूमिका म्हणाली.

तिनं आधी तापमापक लावून माझा ताप मोजला. बरोबर निघाला. मग एका नळीत सहाही प्राइमर घातले आणि पानाच्या अर्काऐवजी नुसतं पाणी घातलं. पाण्यात कसला विषाणू? तरीही तळाची ठेंगणी रेघ उमटली. भूमिका खुर्चीत ताठ बसली.

"सर, हे प्राइमर एकमेकांनाच धरतायत! मशीन बिचारं त्यांच्याच नकला काढत बसतंय. सगळा माल त्यात खर्च होतो, विषाणूच्या वाट्याला काही उरत नाही."

मग तिनं सहा नळ्या लावल्या, प्रत्येकीत एकेक प्राइमर वगळून. तिसरा वगळला की रेघ गायब, पाचवा वगळला की गायब. दोघांची अक्षरं कागदावर उलटसुलट लिहून पाहिली, तर शेपटाकडची चार अक्षरं एकमेकांत चपखल बसत होती.

पाचव्याची जागा तिनं विषाणूच्या धाग्यावर थोडी पुढं सरकवून नवा प्राइमर मागवला. तो आला आणि पहिल्याशीच गुंतला! त्या दिवशी तिनं जेवणाचा डबा उघडलासुद्धा नाही. दुसऱ्या खेपेला मात्र तिनं नव्याचं शेपूट उरलेल्या पाचही जणांशी, शिवाय त्याच्या स्वतःशीही, अक्षर अक्षर ताडून पाहिलं. सगळ्यांना एकाच तापमानाला चिकटता येईल हेही बघितलं.

या वेळी पाण्याच्या नळीत काहीच उमटलं नाही. झुंबरबाईंच्या पानात हरण्याची रेघ लख्ख दिसली. भूमिकेनं माझ्या झाकणावर डोकं टेकवलं आणि ती रडली.

पण काम संपलं नव्हतं. सगळी मातृरोपं नव्यानं तपासली, त्यांत दोन रोगट निघाली. त्यांची अकरा हजार पिल्लं शेडनेटमध्ये डुलत होती, आठवड्याभरात शेतांवर जायची होती. हितेंद्र सर बराच वेळ त्या हिरव्या रांगांमधून फिरले. परत आले ते सांगतच, "खड्डा काढा. सगळी पुरा."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः शिरपूरला गेले. भूमिका सोबत होती, तिनंच नंतर सांगितलं. सर झुंबरबाईंच्या बांधावर उभं राहून म्हणाले, "अक्का, चूक आमची. नवी रोपं मी देतो, लावूनही देतो."

झुंबरबाई म्हणाल्या, "चूक बठ्ठासनी व्हस, भाऊ. तुम्ही तोंडवर सांगं, हाई मोठी गोट शे."

आता माझ्या शेजारी दुप्पट नळ्यांचं नवं यंत्र आलंय. पुढच्या महिन्यात मी धुळ्याच्या एका महाविद्यालयात जाणार. मुलं माझ्यावर शिकतील, चुकतील. भूमिकेनंच ते जुळवून आणलं. हितेंद्र सर, तुम्ही दोन दिवस दिलेत. भूमिका, तू माझा ताप मोजलास. तुम्हा दोघांचं ऋण घेऊन निघतोय.

परवा झुंबरबाई येऊन गेल्या. बाग चांगली धरलीय म्हणाल्या. हरण्या पकडणाऱ्या यंत्राचं त्यांनी भूमिकेकडून ऐकलं होतं. "ते मशीन कोनतं?" भूमिकेनं मला दाखवलं. मी कामात होतो. त्यांनी खरखरीत तळहात माझ्या झाकणावर ठेवला आणि दचकल्या.

"तापेल शे व माय! याले ताप उना का?"

भूमिका हसली. "अक्का, त्याचं कामच ते."

तरी काम संपेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.