डब्याला सोबत

चिमीने डब्याचं झाकण उघडलं, बाकावर पसरलेली वह्या-पुस्तकं उचलून दप्तरात कोंबली आणि शेजारची जागा मोकळी करून वाट बघायला लागली. मधल्या सुट्टीची घंटा होऊन चांगली पाच मिनिटं झाली होती. वर्गात डब्यांचा खणखणाट, 'ए, अर्धं मला', 'शी, हात धू आधी!' असा नेहमीचा गोंधळ माजला होता. तिच्या बाकाकडे मात्र कुणी फिरकलं नव्हतं.

असेल काहीतरी. नळावर रांग असेल. तिने उकडलेला बटाटा चमच्याने डब्याच्या कडेला सारला, परत मध्ये आणला. खिडकीबाहेर बघितलं, म्हणजे आपण काही कुणाची वाट बघत नाही आहोत असं दिसावं. मग हळूच दाराकडे बघितलं.

गेल्या सतरा दिवसांत असं झालं नव्हतं. एका सोमवारी पहिल्या बाकावरचा मुलगा डबा घेऊन सरळ तिच्या शेजारी येऊन बसला, तेव्हा तिला वाटलं, बिचारा चुकला. मंगळवारी दुसरा आला. बुधवारी तिसरी आली. मग रोजच कुणी ना कुणी यायला लागलं.

त्याआधीची दोन वर्षं तिच्या शेजारी बसून कुणी घासही खाल्ला नव्हता. चिमीच्या ओठांच्या कडेला, डाव्या डोळ्याभोवती आणि बोटांच्या पेरांवर पांढरे डाग होते. डॉक्टर म्हणाले होते, कोड आहे, शिवून कुणाला होत नाही, दुखत नाही, खुपत नाही. पण डॉक्टर काही वर्गात बसायला नव्हते. वर्गाने तिचं नाव 'नकाशा' ठेवलं होतं. "काय नकाशा, आज कुठल्या देशाने सीमा वाढवली?" असं कुणीतरी विचारायचं आणि मागचे दोन बाक एकमेकांना टाळ्या देत हसायचे. भूगोलाच्या तासाला तर त्यांची चंगळच. तिच्या शेजारी बसून जेवलं की आपल्यालाही डाग येतात, हा शोध कुणी लावला ते कळलं नाही, पण लावणाऱ्याला विज्ञानात कधी पासापुरते मार्क मिळाले नसणार.

तर या सतरा दिवसांत सतरा जण येऊन गेले. गंमत म्हणजे आल्या आल्या प्रत्येकाने एकच विचारलं, "तुला भावंडं किती?" चिमीने सतरा वेळा सांगितलं, एकही नाही. तिला वाटलं, बोलायला सुरुवात करणं सगळ्यांनाच जड जात असेल. एकाने चार मिनिटांत डबा संपवला, तेही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. एक जण बाकाच्या इतकी कडेला टेकली होती की शिंक आली असती तर खाली पडली असती. पण वेणीवाली आली त्या दिवशी कमाल झाली. तिने आपल्या मामाची गोष्ट सांगितली. मामा चुकून खालच्या मजल्यावरच्या घरात शिरला, बूट काढले, पाणी प्यायला, सोफ्यावर आडवा झाला आणि त्या घरच्या आजोबांना म्हणाला, "आज जेवायला काय?" आजोबांनीही बिचाऱ्यांनी सांगून टाकलं! चिमी इतकी हसली की पाणी नाकात गेलं. वेणीवालीने तिच्या पाठीवर थोपटलं. चांगलं तीन-चारदा थोपटलं.

आणि संध्याकाळी आईने "आज कोण होतं गं डब्याला?" असं विचारलं की चिमीला आता काही रचून सांगावं लागत नव्हतं. दोन वर्षं रोज एक मैत्रीण रचायची म्हणजे काय खायचं काम आहे?

आज मात्र दहा मिनिटं झाली. काल आलेला चष्मेवाला मुलांच्या घोळक्यात होता. वेणीवाली तिसऱ्या बाकावर कुणाला तरी काहीतरी सांगत होती, बहुतेक मामाचंच.

तेवढ्यात मॉनिटर कपाटाशी गेली. ही मॉनिटर म्हणजे वर्गातली सगळ्यात टापटीप मुलगी, तिच्या वह्यांचे कोपरे कधी दुमडले नाहीत. तिने कपाटाचं दार उघडलं, आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावरून बोट फिरवत खाली आली आणि एका ठिकाणी थांबली. तिने मान वळवून चिमीकडे बघितलं. परत कागदाकडे. मग दार फटकन लावून टाकलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

चिमी उठली.

"काय आहे तिथे?"

"कुठे काय? तू डबा खा ना."

"दार उघड."

"अगं, खडू मोजत होते."

"सरक."

चिमीचा आवाज मोठा नव्हता, पण मॉनिटर सरकली.

कागदावर पट्टीने आखलेले तीन रकाने होते. पहिला, फळा पुसणे. दुसरा, कुंड्यांना पाणी. तिसरा, डब्याला सोबत. प्रत्येक तारखेपुढे हजेरीतला नंबर आणि काम झालं की बरोबरची खूण. तिसऱ्या रकान्यात एकापासून सतरापर्यंत सगळ्या खुणा झालेल्या होत्या, एकाच निळ्या पेनने, एकाच मापाच्या. आजच्या तारखेपुढे अठरा लिहिलं होतं.

अठरा नंबर चिमीचा होता.

"मी हजेरीवरून उतरवली गं," मॉनिटर पुटपुटली. तिचे कान लाल झाले होते. "एक, दोन, तीन, अशी सरळ उतरवत गेले. तुझा नंबर गाळायला हवा होता, लक्षातच आलं नाही. शप्पथ."

"भावंडांचं विचारायचं कुणी सांगितलं होतं?"

"बाईंनी. म्हणाल्या, काहीतरी चांगलं विचारा. आम्हाला काय विचारायचं सुचत नव्हतं, म्हणून मग त्यांनीच एक सांगितलं."

चिमीने नऊ नंबरावर बोट ठेवलं. वेणीवालीचा नंबर. तिच्यापुढेही खूण होती, बाकीच्यांसारखीच. मामाची गोष्टही कामात धरायची का? आणि ते पाठीवर थोपटणं? एकदा थोपटून भागलं असतं, ती चारदा थोपटत होती. कागदावर त्यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं.

"पेन दे."

"कशाला?"

"दे तर."

चिमीने अठरापुढे खूण केली. मॉनिटरच्या खुणांपेक्षा ती जरा मोठी आणि वाकडी आली.

"अगं, तू कशाला केलीस?"

"माझा नंबर होता ना? मी बसले होते की. पूर्ण दहा मिनिटं."

मॉनिटरला हसावं की रडावं ते कळेना. शेवटी तिने पेनाचं टोपण लावलं. तेवढं तिला नेहमीच जमायचं.

शाळा सुटल्यावर चिमी शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. बाई वह्यांच्या गठ्ठ्याआड जवळजवळ झाकल्या गेल्या होत्या. याच बाईंनी महिन्यापूर्वी, चिमीची आई शाळेत येऊन गेल्यावर, सगळ्या वर्गाला अर्धा तास उभं करून झापलं होतं. त्या दिवसापासून 'नकाशा' हा शब्द निदान मोठ्याने तरी ऐकू आला नव्हता.

"बाई, उद्यापासून डब्याला कुणाला पाठवू नका."

बाईंनी लाल पेन खाली ठेवलं. "कुणी सांगितलं तुला?"

"माझाच नंबर आला आज."

बाईंना कळायला क्षणभर लागलं. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! ही मॉनिटर म्हणजे ना..." आणि मग हळू आवाजात, "तुझ्या भल्यासाठीच केलं गं बाळा. एकदा शेजारी बसले, तुझ्याशी बोलले, की भीती जाईल त्यांची, असं वाटलं."

"माहितीये बाई."

"मग चालू देत ना. अजून सोळा जण राहिलेत. कुणाशी तरी जमेल."

चिमीने दाराची चौकट नखाने खरवडली. सोळा म्हणजे तीन आठवडे. तीन आठवडे कुणीतरी शेजारी बसेल, आणि रोज संध्याकाळी आईला सांगायला काहीतरी असेल. नुसतं 'बरं' म्हटलं की झालं.

"नको बाई. ते मला काही बोलले तर ओरडा त्यांना. जोरात ओरडा. पण जेवायला पाठवू नका. मला कळतच नाही मग."

"काय कळत नाही?"

"कोण आलंय आणि कुणाला पाठवलंय."

 बाईंनी पेन उचललं, वही उघडली, पण ती उलटी होती हे त्यांच्या बराच वेळ लक्षात आलं नाही.

घरी आई खिडकीपाशी बसून शर्टांना बटणं लावत होती. शिंप्याच्या दुकानातून ती रोज एक बोचकं घरी आणायची. दुकानात हातांनी काम आणि तोंडाने गप्पा होतात, घरी एकच होतं, म्हणायची. चिमीने दप्तर टाकलं, हातपाय धुतले, डबा मोरीत ठेवला.

"आज कोण होतं गं डब्याला?"

तीन-चार उत्तरं चिमीच्या जिभेवर आयती तयार होती. मामावाली परत आली होती, असं म्हटलं असतं तर आई खूश झाली असती. चिमी जमिनीवर बसली आणि पडलेली बटणं वेचायला लागली.

"होती एक."

"नवीन?"

"नवीन नाही. वर्गातलीच. पण तिच्याबरोबर मी कधी अशी बसले नव्हते."

"कशी आहे?"

चिमीने विचार केला. खरंच केला, बटणं वेचायची थांबवून.

"बरी आहे. पटकन कुणाशी बोलत नाही. पण आज एकदम दोघींना सरळ बोलली. एकीला तर 'सरक' म्हणाली."

"अगं बाई! डांबरट दिसतेय." आईने दोरा दाताने तोडला. "आवडली तुला?"

"अजून नीट ओळख नाही झाली."

"उद्या येईल का परत?"

"ती येईल. ती रोजच येईल." चिमीने बटणं आईच्या ओंजळीत टाकली. "बाकीच्यांचं माहीत नाही."

आईने सुई हातात घेतली, दोरा ओवायला डोळ्यांजवळ नेली आणि तशीच धरून ठेवली. बऱ्याच वेळाने ती उठली, मोरीत गेली. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. 

आई परत आली तेव्हा तिच्या हातात डबा होता. त्यातला बटाटा जवळजवळ तसाच होता. ती चिमीच्या शेजारी जमिनीवर बसली, गुडघ्याला गुडघा लावून, आणि डबा दोघींच्या मध्ये ठेवला.

"तिला म्हणावं," आई म्हणाली, "कुणी असो नसो, पोटभर खात जा."

"सांगते," चिमी म्हणाली, आणि तिने चमचा घेतला.