कोऱ्या पट्टीचा वास

सोनालीचं लग्न ठरवायच्या बैठकीत तिच्या होणाऱ्या सासूने नाकाला पदर लावला, तो आमच्या यांच्यामुळे. हे पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये बावीस वर्षं रंगाच्या मशीनवर आहेत. कितीही साबण घासला तरी अंगाचा तो आंबूस वास जात नाही. त्याच वासावर घर चाललं, पोरगी बी. कॉम. झाली, आणि आता तिलाच त्याची लाज.

"पप्पांनी सेंट लावला तरच पुढे बसायचं," तिने मला सुनावलं. मला चीड आली, पण लेकीच्या आईने ती गिळायची असते. यांना हौस एकच होती, साखरपुड्याची सुपारी बापाच्या हाताने फोडायची. म्हणून निमूट आले आमच्याबरोबर पर्वत पाटियाच्या सेंटच्या दुकानात.

दुकानातल्या पोरीने कागदाच्या पट्टीवर लिंबाचा सेंट मारून दिला. वाळ्याच्या सेंटसाठी दुसरी पट्टी काढली, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली म्हणून ती पट्टी काउंटरवर ठेवून ती गेली. यांनी तीही उचलली. दोन्ही आलटून पालटून हुंगल्या, डोळे मिटले.

"हाऊ थंडा शे," कोरी पट्टी पुढे करत म्हणाले. "हाऊच लेऊत."

"अंकल, उसपे तो अभी मारा ही नहीं," पोरगी परत येत म्हणाली.

सोनाली हसली. तिला वाटलं, पप्पा मस्करी करतात. तिने लिंबाची बाटली घेतली. मला हसू आलं नाही. बाहेर आल्यावर ती रिक्षा बघायला गेली, तेव्हा यांना विचारलं, नाक कधी गेलं?

"सहा वरीस व्हयनात," हे म्हणाले. "पोरले सांगू नको. अधू बाप म्हनतीन."

सहा वर्षं हा माणूस माझ्या फोडणीला 'काय वास सुटलाय' म्हणत जेवत होता. मला राग कुणाचा करावा कळेना.

रविवारी साखरपुड्याच्या हॉलवर मी ओटीच्या ताटात गुंतले होते. हे कपडे बदलून आले आणि दोन रांगांच्या माना वळल्या. अर्धी बाटली अंगावर ओतली होती. किती लावायचं हे यांना कळणार कसं? मी लावून द्यायला हवं होतं. माझंच चुकलं.

विहीणबाईंचा पदर पुन्हा नाकाला गेला. सोनालीने एकदा बापाकडे पाहिलं आणि माझ्या भावाला, योगराजला, डोळ्यांनी खुणावलं. सुपारी मामाने फोडली.

हे मागे माझ्याजवळ येऊन बसले. सदऱ्याची बाही नाकाशी नेली, मग माझ्याकडे पाहिलं.

"चांगला वास ई राहिना ना?"

"हां, येतोय," मी म्हटलं. "ई राहिना."