झाकून ठेवलेली जिप्सी

जिप्सी बंद झाल्याची बातमी चनबसप्पांना रविवारी सकाळी टपरीवर कळली, आणि त्यांच्या हातातला चहा तसाच गार झाला. बंद झाली म्हणजे त्यांची नव्हे. त्यांची समोरच उभी होती, बावीस वर्षांची, हिरवी, पहिल्या किल्लीला सुरू होणारी. कंपनीनं ती बनवायची बंद केली होती. शिवानीनं फोनवरची बातमी दोनदा वाचून दाखवली, कारण पहिल्यांदा कोणाचा विश्वासच बसला नाही.

टपरीवर चौघं होते. चनबसप्पांचं रंगाचं दुकान, धोंडप्पाची पिठाची गिरणी, युवराज श्रीपूरच्या साखर कारखान्यात ऊस विभागाला, आणि शिवानी जुळे सोलापुरातली दातांची डॉक्टर. तिला गाडी वडिलांकडून आलेली. वय, धंदा, स्वभाव, कशाचा कशाला मेळ नाही. चौघांकडे जिप्सी होती आणि चांगला रस्ता दिसला की चौघांनाही कंटाळा यायचा, एवढ्यावर ही मैत्री बारा वर्षं टिकली होती.

"धंदा म्हणून बगितलं तर बरोबरच हाय की त्यांचं," धोंडप्पा म्हणाला. "कोण घेतंय आता? एसी न्हाय, काच वर-खाली करायचं बटन न्हाय. मागं बसलेला माणूस उतरताना कंबर हुडकतो."

"मग तू का विकत न्हाईस?" युवराजनं विचारलं.

धोंडप्पानं उठून आपल्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि उगाच धूळ पुसल्यासारखं केलं.

चनबसप्पांना तर हा विश्वासघातच वाटला. दुकान मुलाच्या, बसूच्या हाती द्यायचं आणि स्वतःसाठी कोरी करकरीत जिप्सी घ्यायची, असा बेत ते दहा वर्षं घरात जाहीर करत होते. बसू मान डोलवायचा आणि बायको कमलम्मा हसायची. बेत मुळात खरा होता का, हे चनबसप्पांनाही ठाऊक नव्हतं. पण मनात आलं तर घेता येईल, यात जो आधार असतो तो त्या रविवारी गेला. माणूस अशा वेळी शहाण्यासारखं वागत नाही, तेही वागले नाहीत.

त्यांनी गाडी झाकली. चांगलं जाड ताडपत्रीचं कापड शिवून आणलं, दुकानामागच्या शेडमध्ये गाडी उभी केली आणि जाहीर केलं, की आता चिखल नाही, दगड नाही, ओढा नाही. "जी हाय ती हीच. मोडली तर सामान कुटनं आणणार?" रोज संध्याकाळी कापड वर करून ते आत बसत, इंजिन चालू करत, डोळे मिटून ऐकत आणि पुन्हा बंद करत. औषध दिल्यासारखा हा कार्यक्रम न चुकता चाले.

"गाडी हाय का लोणचं?" कमलम्मा म्हणाली. "बरणीत घालून फडकं बांदलंय जनू."

"तुला न्हाय कळायचं."

"मला कसं कळंल? बावीस वर्षं मागं बसून माझं डोकं हललंय की."

बाकीच्या तिघांनीही तेच केलं. युवराजनं बॅटरी काढून घरात नेली. शिवानीनं चाकं उतरवून गाडी विटांवर चढवली, टायर खराब होऊ नयेत म्हणून. धोंडप्पानं गाडीवर गिरणीतली पोती घातली. रविवारी चौघं टपरीवर जमत ते स्कूटर आणि रिक्षानं. कुठल्या गावात कुठला पार्ट शिल्लक आहे यावर बोलणं होई, आणि मग बोलण्यासारखं काही उरत नसे. हळूहळू रविवारही चुकू लागले.

इथं चंद्रव्वाबद्दल सांगायला हवं. चंद्रव्वा कमलम्माची थोरली बहीण. आईमागं तिनंच कमलम्माला वाढवलं, तिचं लग्न लावलं. अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला तिची शेतातली वस्ती, आणि तेच कमलम्माचं माहेर. डांबरी रस्ता गावात संपायचा आणि पुढची वाट निव्वळ काळ्या मातीची. पावसात त्या वाटेवर बैलसुद्धा नाखुशीनंच पाय टाकत. म्हणूनच दर श्रावणात एका रविवारी कमलम्माला माहेरी पोचवायला चारही जिप्सी निघायच्या. तो चिखल म्हणजे या मंडळींची जत्राच. जो रुतेल त्याला टोचन लावून ओढायचा आणि जेवताना त्याला शेवटी वाढायचं, असा नियम होता. वस्तीवर चंद्रव्वा हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर, रांधून दारात उभी असायची. चिखलानं माखलेल्या या चार वेड्यांना ती "बर्री, बर्री", या, या, करत आत घ्यायची आणि आधी हंड्यातलं ऊन पाणी पायांवर ओतायची.

त्या वर्षी श्रावण लागला आणि कमलम्मानं विषय काढला. "अक्का वाट बगत आसंल."

"दिवाळीनंतर जाऊ. वाट वाळली की बसूच्या कारनं थेट दारात."

"श्रावणातच जातो की आपन."

"अगं, त्या चिखलात गिअर घासला तर? आता दुसरा मिळणार न्हाय."

कमलम्मा उठून भाकरीला लागली. एक रविवार गेला, दुसरा गेला. मग श्रावण सरता सरता चंद्रव्वाच्या सुनेचा फोन आला. सासूबाई मोरीत पडल्या. हाड मोडलेलं नाही, पण अंथरूण सोडत नाहीत, दोन दिवस पोटात काही नाही. सारखं कमळीचं नाव घेतात.

कमलम्मानं पिशवी भरली. "मी एसटीनं जाते. गावापासनं चालत जाईन."

"त्या गुडघ्यानं?"

"दुसरा कुटनं आणू?" ती म्हणाली. "तुमच्या गिअरचं जे, तेच माझ्या गुडघ्याचं. पन मी काय तो झाकून ठिवलेला न्हाय."

चनबसप्पा शेडमध्ये गेले आणि त्यांनी कापड ओढून काढलं.

अक्कलकोटपर्यंत गाडी सुरेख चालली. इतक्या महिन्यांनी स्टिअरिंग हातात आल्यावर चनबसप्पांना काळजीच्या प्रवासातही सुख वाटलं, आणि सुख वाटल्याची लाजही. गाव मागं पडलं, काळी वाट सुरू झाली. ते सवयीनं उतरले. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध हातानं फिरवायची चकती असते. ती फिरवली की इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळतो, एरवी तो मागच्याच दोन चाकांना. चकती फिरेना. दोन्ही बाजूंच्या घट्ट बसल्या होत्या. त्यांनी पक्कड लावली, हातोडीचा मार दिला, बोटं सोलून घेतली. मग ध्यानात आलं. रोज संध्याकाळी त्यांनी इंजिन ऐकलं होतं, चाकाला मात्र हात लावला नव्हता.

तरी त्यांनी गाडी घातली. अर्ध्या वाटेत मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि जिप्सी पोटापर्यंत खाली बसली.

त्यांनी युवराजला फोन लावला. "काका, बॅटरी काडलीया, उतरली आसंल." शिवानी म्हणाली, "माझी विटांवर आहे, काका." धोंडप्पाच्या गाडीवरची पोती उचलायलाच तासभर लागणार होता. चारही गाड्या जपलेल्या होत्या, आणि एकही कामाची नव्हती.

कमलम्मा तोवर खाली उतरली होती. लुगडं खोचून, चपला हातात घेऊन तिनं चिखलात पाय टाकला.

"थांब, कुणीतरी ट्रॅक्टर आणंल."

"तुमी बसा गाडीपाशी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच त्यांना लागलं. "मी जाते."

ती चालू लागली. एक पाय काढायचा, थांबायचं, गुडघा दाबायचा, मग दुसरा. चनबसप्पा गाडीचं दार धरून उभे राहिले. गाडी अशी वाटेत टाकून ते आयुष्यात कधी गेले नव्हते. समोर ही म्हातारी होत चाललेली बाई एकटी चालली होती, आणि आपण लोखंड धरून उभे आहोत, हे त्यांना दिसलं. स्वतःची इतकी शरम त्यांना यापूर्वी कधी वाटली नव्हती. दार उघडंच टाकून ते तिच्यामागं निघाले आणि गाठल्यावर तिचा दंड धरला. तिनं सगळा भार त्यांच्यावर टाकला.

चंद्रव्वा दारातल्या बाजेवर पडली होती, वाळून अर्धी झालेली. बहिणीला बघून ती रडली आणि मग तिनं चनबसप्पांच्या पायांकडं पाहिलं.

"दाजी, गाडी कुटं?"

"रुतली, अक्का."

"आणि बाकीची पोरं?"

"न्हाय आली. अक्का, ती गाडी बनायची बंद झाली. म्हणून आमी जरा..."

"कळलं मला, कमळीनं सांगितलं फोनवर," चंद्रव्वा म्हणाली. "कंपनीनं बंद केलं ते केलं. तुमी यायचं कशाला बंद केलं? प्रत्येक रविवारी गहू भिजवून ठिवत हुते. संध्याकाळी गुरांना घालत हुते."

चनबसप्पा खाली बसले. त्यांना डोळे पुसायला कोरडा हात नव्हता. जरा वेळानं त्यांनी परसात जाऊन पुन्हा तीन फोन लावले, आणि या वेळी विचारलं नाही, सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही जिप्सी वाटेवर हजर झाल्या. युवराजनं कुणाची तरी ट्रॅक्टरची बॅटरी बसवली होती, शिवानीनं चाकं लावली होती, धोंडप्पाच्या गाडीतून पीठ उडत होतं. टोचन लागलं, हिरवी गाडी वर आली. धोंडप्पानं रॉकेल सोडून आणि शिव्या देऊन दोन्ही चकत्या मोकळ्या केल्या. चौघंही खूप दिवसांनी हसले आणि वस्तीवर पोचले.

चंद्रव्वानं कमलम्माच्या हातची वाटीभर हुग्गी खाल्ली. मग गाड्यांकडं बघत म्हणाली, "दाजी, मला एकदा बसवा की हिच्यात. इतकी वर्षं येताय. मी रांधलं, वाडलं. आजवर मला कुनी बस म्हटलं न्हाय."

ते खरं होतं. चनबसप्पांनी तिला उचललं. उचलताना काही वजनच लागलं नाही. पुढच्या सीटवर उशा लावून बसवली, मागं कमलम्मा तिचे खांदे धरून बसली.

"कुटं जायचं, अक्का?"

"बांधापतूर. तूर बगायचीया माझी."

बांधापर्यंतची वाट सगळ्यात वाईट होती. चनबसप्पांनी गाडी घातली. चिखल काचेवर उडाला, गाडी एका अंगाला कलली, आणि चंद्रव्वा, जिनं कालपर्यंत तोंडात काही घेतलं नव्हतं, ती लहान पोरीसारखी खिदळली. "आणखी जोरात, दाजी!"

त्यांनी पाय दाबला. पुढच्या चाकात कडकन आवाज झाला. काय तुटलं ते चनबसप्पांनी आवाजावरूनच ओळखलं, आणि ते आता कुठंच मिळणार नाही, हेही.

"काय मोडलं हो?" मागून कमलम्मानं विचारलं.

"मोडू दे," चनबसप्पा म्हणाले, आणि त्यांनी गाडी तुरीच्या दिशेनं तशीच पुढं रेटली.