वाकडं नख

पॉलने गायीचा मागचा पाय दोरीने खांबाला बांधला आणि डॉक्टर ऋतिकाने खुरावर पाणी ओतलं. माती वाहून गेली तसं बाहेरचं नख दिसलं. ते वळून तळव्याखाली गेलं होतं आणि गाय त्याच्याच कडेवर भार देत होती.

"चिखलात नसते हां," पॉल घाईने म्हणाला. "भुईगावच्या कोरड्या कुरणात चरते माझी चांदी. गोठा रोज धुतो मी."

"तुमची निगा चांगलीच आहे, काका. असली नखं वंशातून येतात. हिची आई कुठली?"

"घरचीच."

"आणि वळू?"

"तोही घरचाच. त्याच घराण्यातला."

त्या घराण्याचा पॉलला कोण अभिमान! कुणी दुधाचं कौतुक केलं की 'खाण तशी माती' म्हणत तो मिशीवरून हात फिरवायचा. त्यातलीच एक कालवड त्याने गिरीज गावात दिलेल्या धाकट्या बहिणीला, क्रिस्टीनाला, दिली होती. दोन वर्षांत ती लंगडू लागली. रविवारची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, सुटल्यावर चर्चच्या दारात, चारचौघांत, तो बहिणीला म्हणाला होता, "सोन्यासारखी गाय दिली, तू घाणीत सडवलीस." त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून दोघांत अबोला होता.

ऋतिका नख कापू लागली. पॉलचे कान लाजेने तापले.

दुपारी तो गिरीजला गेला. क्रिस्टीना वाडीच्या बांधावर तीच गाय चारत होती. गाय धड चालत होती.

"दादा?"

पॉल गायीमागे गुडघ्यांवर बसला आणि त्याने तिचा पाय उचलला. नख सारखं कापलेलं होतं.

"कोण कापतं?"

"मीच. दर तीन महिन्यांनी. डॉक्टरांकडून शिकले."

"मग हे रक्तातनं येतं, तेपण सांगितलं असेल त्यांनी."

"हो, ती लंगडायला लागली तेव्हाच."

"आणि त्या दिवशी गप्प ऐकून घेतलंस?"

क्रिस्टीनाने गायीच्या पाठीवरचं गवत झटकलं.

"तू प्रेमाने दिलेली गाय, दादा. चारचौघांत तिच्यात खोट कशी काढू?"

पॉलने कापलेल्या नखावरून अंगठा फिरवला.

"रविवारी मिस्सेला येशील ना?"

"येतेच की. का?"

"सुटल्यावर दारात थांब जरा. लगेच निघू नको." त्याने मान वर केली नाही. "सगळे असतील तेव्हाच बोलायचंय मला."

गायीचा पाय अजून त्याच्या हातातच होता.