चुलीमागची

“फवारा कुठं मारलास म्हंतीस?” काशीनं डोक्यावरची जळणाची मोळी अंगणातच टाकली.

“चुलीमागं, आत्ती. झुरळं हुती का काय, नुस्ती खसखस चालल्याली. चार-पाच मेली, केरात टाकली,” श्वेता म्हणाली.

सून रामनगरची. सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन आली ती थेट नव्या स्लॅबच्या घरात, गॅसच्या शेगडीपाशी. अंगणापलीकडच्या जुन्या मातीच्या स्वयंपाकघरात काशी एकटीच वावरे. गणेशगुडीला नदीत होड्या हाकायला येणारी शहरातली माणसं हल्ली त्यांच्याकडे मुक्कामाला राहत. त्यांच्या गाड्यांसाठी ते स्वयंपाकघर पाडायचं, असं काशीच्या मुलानं, प्रवीणनं, ठरवलं होतं. म्हणूनच श्वेता आज तिथं झाडलोट करायला गेली होती.

काशी तडक उकिरड्याकडे गेली. राख बाजूला सारताना तिला ती सापडली. पाच. बोटाच्या पेराएवढी. हातपाय माणसाचेच, नखं तिळाहून बारीक. एकीनं नेसलेली हिरवी चिंधी काशीनं ओळखली. तिच्या लग्नातलं लुगडं दोरीवर वाळत असताना काठाशी कातरलं गेलं होतं, त्यातली.

चाळीस वर्षं ती त्यांच्यासोबत नांदली होती. रोज सकाळी चुलीमागं गूळभाताची मूठ ठेवायची, वळून बघायचं नाही, कुणापाशी बोलायचं नाही. सासूनं एवढंच शिकवलं होतं. नवरा रानात झाडाखाली सापडून गेला, तेव्हा ती महिनाभर अंथरुणातून उठली नाही. तरी चूल पेटलेली असे, तांदूळ निवडलेले असत. काशीनं हे कधी तोंडातून काढलं नव्हतं. सुनेला तरी सांगायला हवं होतं, असं आज पहिल्यांदा तिच्या मनात आलं. तिनं त्या पाचांना हळदीच्या पाण्यानं धुतलं आणि पदरात घेतलं.

तेवढ्यात नव्या घरातून श्वेताची किंकाळी आली. काशी तिकडं धावली.

खिडकीच्या गजांतून, भिंतीवरून तसलीच उतरत होती. शेकडो. गडबड नाही, आवाज नाही. मयताला निघालेल्या माणसांसारखी. श्वेताच्या पायांवर टाचण्या टोचल्यासारखे रक्ताचे ठिपके उठले होते. पाच वर्षांची नात वैष्णवी दुपारची झोपली होती, तिची वेणी खाटेच्या गजाला गाठीवर गाठ मारून जखडलेली होती. काही जणं तिच्या गालावर चढून मिटलेल्या पापण्यांशी वाकली होती. त्यांच्या हातांत काटे होते.

प्रवीणनं फवाऱ्याचा डबा उचलला.

“ठेव खाली! पोरीचं डोळं जातील.” काशीनं पदर सोडून ती पाच प्रेतं फरशीवर मांडली आणि गुडघे टेकले. “चूक माजी हाय. तिला ठावं न्हवतं, म्याच सांगितलं न्हाई. लेकराला सोडा. तुमची जागा कोण पाडणार न्हाई. मी येऊन ऱ्हाते तुमच्यात, मरंपतोर भायेर पाऊल टाकणार न्हाई.”

“अव्वा, काय बोलतीस हे?” प्रवीणनं आईचा खांदा धरला.

“तू गप ऱ्हा.”

मग ती सगळी पोरीच्या गालावरून उतरली. आपली पाच उचलून घेतली आणि काशीच्या पायांवरून, गुडघ्यांवरून वर चढू लागली. काशी त्यांच्यासकट उठली, अंगण ओलांडून जुन्या स्वयंपाकघरात गेली. दार आतून लागलं.

वेणी सुटेना. श्वेतानं रडत रडत ती कात्रीनं कापली.

दुसऱ्या दिवशी प्रवीणनं आईला दंड धरून बाहेर ओढलं. उंबऱ्यापासून दोन पावलं झाली असतील, तोच नव्या घरात वैष्णवी डोळे दाबून ओरडायला लागली. त्यानं हात सोडला. काशी आपली आपण आत परतली. तेव्हापासून श्वेता दोन्ही वेळा ताट उंबऱ्यावर ठेवते, घटकाभर उभी राहते आणि निघून जाते.

शाळा सुरू झाली त्या सकाळी वैष्णवी नवा गणवेश घालून उंबऱ्यापाशी आली.

“आज्जी, बघ गे. माज्या शर्टाला खिसा हाय.”

आतल्या अंधारात काशी पुढं सरकली. पोरीच्या तोंडावरून फिरवायला तिचा हात आपसूक उचलला गेला. कोपरापर्यंत तो हलत होता. त्यांच्याखाली कातडी कुठं दिसत नव्हती. तिनं तो मागं घेतला, पदराखाली झाकला.

“लई ब्येस दिसतंय,” ती म्हणाली. “जा बाळा, पळ. बस चुकंल.”