मागच्या चाकाखालची फळी

खाली आवारात बाबांच्या मोटरसायकलचं इंजिन बंद झालं. हातातल्या मुद्रितावरची नजर न हलवता तिने कान तेवढा तिकडे दिला. आधी फरशीवर फळी टाकल्याचा आवाज, मग त्या फळीवर चाक चढतानाची कुरकुर. मग जरा शांतता, आणि मग डबल स्टँडचे दोन्ही पाय एकदम टेकल्याचा भारदस्त खट्ट आवाज. झालं, रेडा दावणीला लागला. तिने समाधानाने एक चुकीचा अनुस्वार खोडला आणि पान उलटलं.

बाबा वर आले, हात धुतले आणि तिच्या दारात टॉवेल घेऊन उभे राहिले. बेकरीवाल्याला आज पुन्हा तू करून दिलेल्या फळीचं सांगितलं, म्हणाले. तो म्हणे, काटेवाले, नशीबवान आहात, आमची पोरं फळी देतील ती डोक्यात घालायला.

ती कागदावर बघतच हसली.

"आणि त्याच्या वजनकाट्यात आज काय सापडलं, माहितीय?"

"बाबा, एवढं पान होऊ दे ना."

"होऊ दे, होऊ दे," असं म्हणत ते स्वयंपाकघराकडे गेले.

पान झालं, पुढची चार झाली. जेवताना ती प्रकाशकाच्या घाईबद्दल बोलली, आईने नळाच्या गळतीचं काढलं. काट्यात काय सापडलं ते विचारायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बूट घालायला खुर्चीवर बसले, ते उठलेच नाहीत. एक बूट पायात होता, दुसऱ्याची नाडी हातात. डॉक्टरांनी हृदयाचं नाव सांगितलं, आणि त्रास झाला नसणार, असंही सांगितलं.

बाबांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. गाडीच्या एका बाजूला हत्यारांची पेटी आणि दुसऱ्या बाजूला प्रमाण वजनांची. गाडी मुळात जड, त्यात हा संसार. आई गाडीला सवत म्हणायची, कारण सकाळी पहिला हात तिच्यावर फिरायचा आणि संध्याकाळी शेवटचाही. ही गाडी बाबांनी आयुष्यात कधी साइड स्टँडला लावली नाही. काटेवाल्याची गाडीच एका बाजूला कललेली दिसली, तर गिऱ्हाईक त्याच्या काट्यावर काय भरवसा ठेवणार, असा त्यांचा सवाल असे.

ती शाळेत होती तेव्हापासूनचा रिवाज होता. आवारात शिरताना बाबा दोनदा हॉर्न वाजवत आणि ती जिना उतरून पळत सुटे. तिने समोर उभं राहून हँडल सरळ धरायचं. बाबांनी स्टँडच्या दांडीवर पाय ठेवायचा. पण लगेच गाडी चढवतील तर ते बाबा कसले. पेट्रोलच्या टाकीवर कोपर टेकून ते आधी दिवसभराचं सांगत. कुठल्या वाण्याने पारड्याखाली चुंबक चिकटवला होता, कुठल्या म्हातारीने स्वतःचं वजन करून द्या म्हणून हट्ट धरला. इंजिन टिकटिक करत गार व्हायचं. मग ते म्हणायचे, "चल, धर घट्ट." आणि गाडी मागे सरकत डौलात वर यायची. आपण नसतो तर काय झालं असतं, असं तिला वाटायचं. बाबाही म्हणायचे, "तू नसतीस तर माझं काही खरं नव्हतं."

पुढे ती मोठी झाली, लग्न करून गेली, ते मोडून परत आली. कोणी काही विचारलं नाही. आल्याच्या संध्याकाळी खाली दोनदा हॉर्न वाजला, इतकंच. तेव्हा तिला ते बरं वाटलं होतं. पण ती घरी बसून मुद्रितं तपासायला लागली आणि हॉर्नही रोजचाच झाला. नेमका वाक्य अर्ध्यात असताना वाजायचा. मग पेन्सिल ठेवा, चपला शोधा, जिना उतरा, चुंबकाची गोष्ट तिसऱ्यांदा ऐका. एकदा तर तिने खिडकीतून सांगूनही टाकलं, "लावा ना साइड स्टँडला आजच्या दिवस." बाबा खाली थांबून राहिले. ती धुसफुसत उतरली.

शेवटी तिनेच युक्ती काढली. मागचं चाक बोटभर उंच चढवलं तर गाडी उचलायला जोर लागत नाही, हे तिने कुठेतरी वाचलं. सुताराकडून जाड फळी कापून घेतली, एक कड उतरती करवली, खाली रबर ठोकून घेतलं. बाबांनी ती उलटीपालटी करून पाहिली, कडेवरून अंगठा फिरवला.

"झकास झालीय," ते म्हणाले. "आता तुला त्रास नको."

त्यात टोमणा शोधूनही सापडला नसता. दुसऱ्या दिवसापासून हॉर्न वाजला नाही.

बाबा गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण फळीचंच बोलायचा. बाबांनीच ते बाजारभर सांगून ठेवलं होतं. लेक असावी तर अशी, बापाच्या खांद्याचा भार ओळखला, वगैरे. ती मान खाली घालून ऐकायची आणि लोकांना वाटायचं, रडू आवरते आहे. रडू येतच नव्हतं. फुकटचं कौतुक तेवढं पदरात पडत होतं.

गाडी बेकरीवाल्याने मागितली. बाबांचा जुना दोस्त, अंगाने भरलेला, बोलायला मोकळा. आईने हो म्हटलं. सवत नजरेसमोर नको आणि भंगारातही नको. तो सकाळी आला, एक चक्कर मारून आवारात परत आला आणि डबल स्टँडशी झटू लागला. दोनदा गाडी चढता चढता खाली आली. घाम पुसत त्याने बाबांच्या शेवटच्या दिवसाचं सांगितलं. त्याचा काटा महिनाभर चुकत होता आणि तो नोकरावर डोळे वटारत होता. बाबांनी काटा उघडला तर आत वाळलेली पाल. बाबा हसून हसून दुकानाच्या पायरीवर बसले होते म्हणे, आणि आता घरी जाऊन लेकीला सांगतो म्हणाले होते.

"सांगितलं असेलच तुम्हाला," तो म्हणाला.



तिसऱ्यांदा गाडी घसरली तेव्हा तो आईकडे बघून हसला. "वहिनी, वजन माझ्याकडे आहे, हातोटी त्यांच्याकडे होती."

"थांबा, फळी देते," ती म्हणाली.

"असू द्या, ताई. माझ्या दुकानापुढे कुठे होती फळी? ते दांडीवर पाय ठेवायचे, सगळं अंग त्याच्यावर टाकायचे, की आली गाडी वर. हाताने ओढायचेच नाहीत. परवापरवापर्यंत."

"आणि हँडल कोण धरायचं?"

"कोण धरणार? एकटेच."

इतक्या वर्षांत हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. दिवसभर दुकानादुकानापुढे गाडी उभी राहत होती, आणि तिथे कुठे ती होती हँडल धरायला? तिने बेकरीवाल्याला बाजूला व्हायला सांगितलं. डावा हात हँडलवर, उजवा सीटमागच्या कठड्यावर. पायाने दांडी दाबून स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकवले, मग ती पायरी चढावी तशी सगळं अंग टाकून दांडीवरच्या त्या एका पायावर उभी राहिली. गाडी मागे सरकत वर आली. जोर असा लागलाच नाही.

"बघा, रक्तातच आहे," बेकरीवाला म्हणाला.

आई जिन्याच्या पायरीवर बसली होती. "तुला माहीत नव्हतं?" तिने विचारलं. "मी एकदा म्हटलं होतं त्यांना, एकट्याने येतंय तर पोरीला कशाला खाली नाचवता? तर म्हणाले, वर ती कागदांत असते. खाली आली की तेवढी भेटते."

मग उठून गाडीपाशी येत, पदराने तिच्या आरशावरची धूळ पुसत आई म्हणाली, "पण शेवटी शेवटी खांदा दुखायचा त्यांचा. बोलले नाहीत कधी. तूच ओळखलंस. फळी केलीस, ते फार बरं केलंस बाई."

बेकरीवाल्यानेही मान डोलावली. आता नुसतं गप्प राहिलं की झालं असतं. आईला तेवढाच आधार होता, आणि तो काढून घेण्यात कोणाचं भलं होतं? पण आईचा हात आरशावर फिरत होता, आणि आरसा स्वच्छ झाला तरी थांबत नव्हता. तिने तो हात धरला.

"खांद्याचं मला माहीतच नव्हतं, आई," ती म्हणाली. "फळी मी त्यांच्यासाठी केली नव्हती. मला खाली जायचा कंटाळा यायचा."