अडेलतट्टू म्हणा, चालेल

मी सांधा बोलतोय. हाडांचा नव्हे हो, दोन सॉफ्टवेअरमधला! रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतलं सॉफ्टवेअर एक बोलतं, वॉर्डातलं दुसरंच. एकाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत नीट पोचवायचं, हे माझं काम. माझा कोड सगळ्यांना उघडा आहे. कुणीही वाचावा, कुणीही बदलावा.

ताईनं मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर घडवलं, नोकरी सांभाळून, एकटीनं. माहितीत जरा शंका आली की मी जागचा हलत नाही. तिची आई म्हणते, "पोरीवरच गेलंय. अस्सल अडेलतट्टू!"

पण एकटीनं ओढायचं तरी किती? आज सकाळी ताई आईला म्हणाली, "आजच्या सभेत या कामाला एकही जोडीदार मिळाला नाही, तर सांधा बंद." माझ्या तोंडावर म्हणाली! असा राग आला म्हणून सांगू!

सभागृह डेव्हलपर मंडळींनी भरलं होतं. ताईनं सगळ्यांदेखत तपासणीचा एक अहवाल माझ्या हाती दिला. तारीख होती ०३/०४. मी अडलो. पडद्यावर लाल अक्षरं उमटली, "पुढे जाणार नाही."

हशा पिकला. पहिल्या रांगेतले दाढीवाले म्हणाले, "फुकटचं ते असंच! आमचं विकतचं साधन कधी थांबत नाही."

"नाहीच थांबत ना!" मागून एक बाई ताडकन उठल्या. एका रुग्णालयाचे कॉम्प्युटर त्या सांभाळतात. "असल्याच एका साधनानं तीन एप्रिलचा अहवाल चार मार्चला नेऊन ठेवला. डॉक्टरांना वाटलं, जुना आहे. पेशंट माझे सख्खे काका होते. थोडक्यात वाचले."

ताई म्हणाली, "कुठली प्रयोगशाळा आधी दिवस लिहिते, कुठली आधी महिना. सांधा अंदाजपंचे काही करत नाही."

"मग का अडला ते सांगायला काय होतं त्याला?" दाढीवाले हटेनात.

"कोड उघडा आहे. शिकवा की सांगायला!" ताईनं सुनावलं.

त्यांनी लॅपटॉप ओढला. "काय लिहून ठेवलंय हे!" असं पुटपुटत माझ्या कोडची चिरफाड सुरू केली. करू देत! मी काय काचेचा आहे? थोड्या वेळानं पडद्यावर नवी अक्षरं आली, "ही तीन एप्रिल की चार मार्च? सांगा, मगच जाईन."

दाढीवाले जरा घुटमळले. "बदल पाठवू का?"

"विचारताय काय, पाठवा!" ताईनं तो बदल तिथल्या तिथे स्वीकारला.

आता माझ्या कोडवर दोन नावं आहेत, ताईचं आणि दाढीवाल्यांचं. हसलात तेव्हा मी मान खाली घातली नाही, आणि आता टाळ्या वाजवल्यात म्हणून फुगणारही नाही. तुम्हीही या. नावं ठेवा, चुका काढा, दुरुस्त करा. पण कुणाच्या तरी काकांचा जीव टांगणीला असताना "चल, धर काहीतरी आणि हो पुढे" म्हणालात, तर आधीच सांगून ठेवतो, मी तिथंच बसेन.